न पडलेला कागद

"झाडीतून जपानी शिपाई बाहेर आला, हा असा कागद डोक्यावर धरून," दीनानाथ वरच्या खिडकीतून सांगत होते. "माझ्या वडिलांनी त्याला भात वाढला. अकरा थाळ्या खाल्ल्या पठ्ठ्यानं. बाराव्या थाळीला म्हणतो कसा, हवालदारसाहेब, लढाई राहू दे, जरा लोणचं आणा."

खाली बागेत त्यांची नात प्रांजली खुदकन हसली. पुण्याहून आलेल्या आजोबांना करोनाच्या नियमानं दहा दिवस वरच्या खोलीत राहायचं होतं. सहाव्या दिवसापर्यंत नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या त्या गल्लीनं अख्खं दुसरं महायुद्ध ऐकून घेतलं होतं.

कागद मात्र खरा होता. ब्रह्मदेशात इंग्रजांनी जपानी फौजेवर, शरण या म्हणून, विमानातून टाकायच्या पत्रकांपैकी एक. वर शेताचं चित्र, खाली जपानी मजकूर. तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून प्रांजलीनं काल त्याचा फोटो शेजारच्या यूईला पाठवला होता.

आज यूई तिच्या आजीला घेऊन कुंपणापलीकडे उभी होती. आजी ऐंशीच्या घरातली, काठी न घेता ताठ. शिपायाची गोष्ट यूईनं तिला जपानीत सांगितली. आजी काहीतरी बोलली, यूईनं ते डचमध्ये सांगितलं, आणि प्रांजलीनं मान वर केली.

"आजोबा, त्यावर लिहिलंय, भात कापायला आलाय, घरी या. आणि यूईची आजी विचारतेय, त्या सोल्जरच्या डाव्या हाताला करंगळी होती का?"

"का गं?"

"तिच्या बाबांना नव्हती. ते बर्माला गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. परत नाही आले. ती म्हणते, ते पण खूप भात खायचे."

दीनानाथांची जीभ अशा वेळी कधी अडली नव्हती. एका बोटाचा तर प्रश्न. आजीनं मास्क हनुवटीखाली ओढला होता आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तिला सांग," ते म्हणाले, "शिपाई नव्हताच. माझे वडील फौजेच्या डेपोत या कागदांचे गठ्ठे बांधायचे. जपानी माणूस त्यांनी जन्मात पाहिला नाही. हा एक गठ्ठ्यातून निसटला, तो त्यांनी ठेवून घेतला. विमानात गेलाच नाही."

"म्हणजे सगळं खोटं?"

"लोणच्यासकट."

ते दोन भाषा ओलांडून पलीकडे पोचलं. आजीनं मान खाली घातली. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. यूईनं तिला पुन्हा विचारून घेतलं.

"आजोबा," प्रांजली म्हणाली, "ती म्हणते, मग आता टाका."

दीनानाथांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढला, खिडकीबाहेर वाकले आणि सोडला.

वारा त्याला आधी कालव्याकडे घेऊन गेला, मग त्यानंच मागे फिरवला. म्हातारी दोन्ही हात वर करून त्याच्याखाली पावलापावलानं सरकत राहिली.