ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन

ओढ्यावर पूल बांधतो म्हणत शहरात जो जो नगराध्यक्ष झाला, त्याने काठावर नारळ फोडला, आपल्या नावाची कोनशिला बसवली आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. नव्या नगराध्यक्षा द्वारकाताईंनी मात्र मनाशी घट्ट ठरवलं होतं, आपल्या कारकिर्दीत पूल उभा राहणारच. शिळफाट्याच्या बाजारातून हार-नारळ घेऊन त्या भूमिपूजनाला पोचल्या, तर काठावर एकही जुनी कोनशिला दिसेना.

"गोदूबाई, आधीच्या अध्यक्षांचे दगड कुठे गेले हो? चोरले का कुणी?"

पलीकडच्या वाडीतल्या गोदूबाई डोक्यावरचा गवताचा भारा सावरत हसल्या. "त्ये कोण चोरतंय? पाण्यात हायेत बघा."

ताईंनी पाहिलं. झुळझुळ पाण्यात कोनशिलांची ओळ लागली होती. आधी पहिले अध्यक्ष उताणे, त्यांच्यापुढे त्यांना निवडणुकीत पाडणारे, त्यांच्यापुढे पाडणाऱ्यांचे जावई. सभेत कधी शेजारी न बसलेली माणसं इथे गुण्यागोविंदानं नांदत होती, आणि त्यांच्या नावांवर पाय देत वाडीतल्या बाया डुलत डुलत येत होत्या.

द्वारकाताई गोदूबाईंकडे वळल्या. "गोदूबाई, शब्द देते. मी खरंच पूल बांधणार."



"पुलाचं बघू हो सावकाशीनं. तुमचा दगड तेवढा आजच द्या, पल्याड पोचाया एकच कमी पडतोय!"