बिननावाचा ससा

विषारी वायूचा शेवटचा तोफगोळा रिकामा होत असताना यंत्रावर बसलेल्या आडकेबाईंचं लक्ष दाराजवळच्या पिंजऱ्याकडे होतं. आत ससा निवांत गवत चघळत होता. वायू गळला आणि गळती ओळखणाऱ्या यंत्रांना कळलं नाही, तर आधी तो आडवा पडणार, म्हणून त्याला तिथे ठेवलेला. त्याला नाव द्यायचं नाही, असा साहेबांचा दंडक होता. "नाव दिलं की जीव जडतो," ते म्हणत.

जगाशी केलेल्या करारानुसार देशाकडचा असला सगळा साठा नष्ट करायचा होता, आणि तो आज संपला. परदेशी निरीक्षकाने रिकाम्या गोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, मान डोलावली आणि सही केली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी मास्क उतरवून छाती भरून श्वास घेतला.

बाईंनी पिंजरा उघडून सशाला पहिल्यांदाच उराशी धरलं. तेवढ्यात साहेब समोर आले. बाई ओशाळल्या आणि त्याला परत ठेवायला वळल्या.

"राहू द्या," साहेब म्हणाले. त्यांनी सशाच्या कानांमागे हळूच बोट फिरवलं. "उद्या घरून घुगऱ्या करून आणा, बाई. याचं बारसं राहून गेलंय."