उताणी

रुखमा सतरंजीवर उताणी पडून उजवा गुडघा पोटाशी घेत होती, तेवढ्यात दारातून सासूचा, सुमनबाईंचा आवाज आला.

"दिवस कासराभर वर आला, अन् सून अजून लोळूनच राहिली."

सात वर्षांपूर्वी दिघोरीच्या शेतात धानाची रोवणी करताना तिची कंबर धरली, ती सुटलीच नाही. एक्सरे निघाला. हाडं शाबूत होती. तेव्हापासून घरात तिचं दुखणं म्हणजे कामचुकारपणा ठरला. नवरा लिलाधर म्हणायचा, आईचं मनावर नको घेऊ.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. व्यायाम रोज करायचा, जास्त दुखेल त्या दिवशी सावकाश करायचा. आणि मनाला लागलेलं गिळायचं नाही. लांब श्वास सोडून, न भांडता, सांगून टाकायचं. पहिली गोष्ट रुखमाला जमली. दुसरी जमत नव्हती. सुमनबाईंचा एक टोमणा, की दुपारपर्यंत कंबर ताठ.

आज तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. ती कुशीवर वळून उठून बसली. लांब श्वास सोडला.

"आई, मी लोळत नाही. मले दुखते. तुमी असं बोलता, तवा अजून दुखते. मी भांडून नाही राहिली, फक्त सांगून राहिली."

सुमनबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग पाठ फिरवून चुलीकडे गेल्या. आता आठ दिवस अबोला, रुखमाला वाटलं. कंबर दुखतच होती. तिनं पुन्हा पाठ टेकली आणि डावा गुडघा पोटाशी घेतला.

दिवसभर सुमनबाई बोलल्या नाहीत. जेवतानाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमानं सतरंजी अंथरली, तशा त्या आत आल्या. दार लोटलं. शेजारी एक रिकामं पोतं पसरलं आणि भिंतीला धरून खाली बसू लागल्या. बसायला फार वेळ लागला. एवढ्या वर्षांत रुखमाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आडव्या होताना त्यांच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं.

"मलेबी दाखव," त्या कौलांकडे पाहत म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, दुखून राहिलं."

"मंग सांगतलं काहून नाही, आई?"

"सांगतलं होतं ना. माह्या सासूले, एकडाव. त्याच्यानंतर कोणालेच नाही."