पान्ह्याला कोण सांगणार
बाळ गेल्यानंतर ती पहिल्यांदाच पोस्टातल्या आपल्या खिडकीमागे बसली होती. रांगेत एका तान्ह्याने टाहो फोडला. आईने तिथेच भिंतीला टेकून त्याला छातीशी घेतलं, तसा मागचा गृहस्थ खेकसला, “जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! बाथरूममध्ये जा!” साहेब खिडकीशी येऊन पुटपुटले, “ताई, त्यांना बाहेर न्या. बाईमाणसाने सांगितलेलं बरं.” ती उठली. त्या रडण्याने तिला केव्हाच पान्हा फुटला होता. पिणारं कुणी उरलं नाही, हे अंगाला अजून उमजलं नव्हतं. तिने आपली खुर्ची रांगेच्या मधोमध ठेवली. “बसा. पोटभर पिऊ द्या त्याला.” “ताई!” साहेब ओरडले. ती वळली. तिच्या छातीवरचे दोन ओले डाग पाहून त्यांनी मान खाली घातली. मागे बाळ चुटूचुटू पीत होतं. वळून त्याच्याकडे पाहायची तिची हिंमत होत नव्हती.