चार सीटा अन् एक बाई

"मावशी, तुमी उतरा. बुकिंग चाराचं हाय," ड्रायव्हर म्हणाला.

शकुबाईचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, तो तिथेच राहिला. आत मुलगा आदेश बसला होता, सून वर्षाली बसली होती, नववीतली नात आचल बसली होती. नवरा चंद्रभान तर सगळ्यांच्या आधी चढून खिडकीपाशी ऐसपैस बसला होता. अमरावतीहून बसून आलेले बाकीचे प्रवासी कपाळाला आठ्या घालून बघत होते. तळेगावच्या फाट्यावरून ही शेअर गाडी थेट नागपूरच्या विमानतळावर जाणार होती आणि तिथून दुपारच्या विमानाने घरदार गोव्याला निघालं होतं.

"चाराचं कसं? आमी पाच जण आहो ना!"

"अबे, फोनवर सांगतलं होतं ना मी," चंद्रभान आतूनच ड्रायव्हरवर ओरडला. "चार सीटा अन् एक बाई. बाई सरकून बसन."

विमान, हॉटेल, गोव्यात उतरल्यावरची गाडी, सगळं आदेशनं मोबाइलवर बुक केलं होतं. तिथे पाचही जणांची नावं होती. नागपूरपर्यंतची गाडी मात्र चंद्रभाननं हट्टानं स्वतःकडे घेतली. जन्म गेला त्याचा काळीपिवळीत आणि भाजीच्या मेटाडोरमध्ये. तिथे सीट कोण मोजतो? 'सरका जरासं' म्हटलं की जागा होते. आणि सरकायचं कोणी, हेही न सांगता ठरलेलं असतं.

"काका, हे काळीपिवळी नोहे," ड्रायव्हर म्हणाला. "एक माणूस, एक सीट, एक पट्टा. दंड मले बसते."

"मंग पोरीले मांडीवर घेतो."

आचल लाजून लाल झाली. ड्रायव्हरनं कोपरापासून हात जोडले. यानंतरची शेअर गाडी संध्याकाळी होती. तोवर विमान कधीच उडून गेलं असतं.

मग सगळे शकुबाईकडे बघू लागले. तू राहा, असं कोणी म्हणालं नाही. नुसते बघत राहिले. तेच तिला जास्त झोंबलं. चुकून राहिलं असतं तर माणूस एक वेळ समजून घेतो. इथे तर तिला मोजून वगळलं होतं, वर फोनवर तसं सांगितलंही होतं.

"असं कर, शकू," चंद्रभान आवाज मऊ करून म्हणाला, "तू राह्य. तशी बी भेंडी तोडाले कोणी तरी पाह्यजेच. एक तोडा चुकला का जून होते."

शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भेंडीचं तिनं शेजारच्या आनंदाबाईला कधीच सांगून ठेवलं होतं. महिनाभर बाजारात भाजी विकताना येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मी समुद्र पाहाले चालली' म्हणून सांगत सुटली होती. तिचंही तिकीट होतं. या माणसाला त्यातलं काही म्हणता काही आठवलं नाही, भेंडी तेवढी आठवली!

"मी मागून यष्टीनं येतो," ती म्हणाली.

"एकटी? विमानतळ कुठं हाय, मालूम हाय का तुले? मी हप्त्याले भाजी घेऊन जातो, मले नागपूर पाठ हाय. तू हारपशीन."

तिनं लेकाकडे पाहिलं. आदेश मोबाइलमध्ये डोकं घालून पुटपुटला, "आई, पुढच्या खेपेले नक्की." पुढची खेप म्हणे! गाढवाला शिंगं येतील तेव्हा येईल ती खेप.

वर्षालीनं मान खाली घातली होती, पदर डोक्यावर ओढलेला. तिचा तर शकुबाईला सगळ्यांत जास्त राग आला. त्यांच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. लेक नववीत गेली तरी वर्षाली चंद्रभानशी अवाक्षर बोललेली नव्हती. जे काय असेल ते, 'आत्याबाई, मामाजीले सांगा, जेवण वाढलं,' 'आत्याबाई, मामाजीले इचारा, मी माहेरी जाऊ का?' इतकी वर्षं शकुबाई या पोरीचं तोंड झाली. आणि आज तिच्यासाठी दोन शब्द बोलायचे तर ही मिठाची गुळणी धरून बसली!

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

शकुबाईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. "दे माही पिशवी," ती म्हणाली.

आदेश लगेच वाकला आणि सीटखालची पिशवी ओढू लागला. किती लगबग ती! आयुष्यात आईच्या एका हाकेला असा उठला नव्हता.

पिशवी दारापर्यंत आली आणि तिथेच अडली. वर्षालीनं तिचा बंद धरला होता. तिनं ती नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि मान वर केली. पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. ती सरळ खिडकीकडे वळली.

"मामाजी, तुमी उतरा. नागपूर तुमाले पाठ हाय. तुमी यष्टीनं या."

चंद्रभाननं सवयीनं बायकोकडे बघितलं.

"काय म्हंते व ते?"

शकुबाई गाडीत चढली आणि त्याच्या उठण्याची वाट बघत समोर उभी राहिली.

"मले काऊन इचारता? तुमच्याशी बोलून राह्यली ते."