अंगचोर

"रद्द करा त्याला!" साहेब ओरडले. नव्या ऑपरेटरचं बोट कळफलकावर अधांतरीच राहिलं.

दुपारचे दोन वीस झाले होते. चारला शालान्त परीक्षेचा निकाल लागायचा होता. नऊ लाख मुलांची नावं गुणांप्रमाणे क्रमाने लावणारा सॉर्ट प्रोग्रॅम एक वाजल्यापासून सुसाट पळत होता. दोनच्या सुमारास त्याला काय झालं कोण जाणे, त्याची पार गोगलगाय झाली. ऑपरेटरला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यात नऊ लाखांमधली एक तिची सख्खी धाकटी बहीण. "ताई, लागला का गं?" असं विचारून विचारून तिने फोन तापवला होता.

"अंगचोर आहे मेला!" साहेब म्हणाले. "पहिल्यापासून चालवा. आणि या खेपेला ऐंशी टक्के मेमरी त्याच्या नावावर बांधून टाका. दीड तासात उरकेल. बाकीची कामं बसू देत बोंबलत."

हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या एकाच अगडबंब संगणकावर आणखी सात-आठ खात्यांची कामं चालायची. कुठलं काम कुणाचं, ते पडद्यावर दिसत नसे. दिसायचे फक्त आकडे.

तिने आकडे पुन्हा पाहिले. सॉर्टचा मेमरीतला वाटा एकसष्टवरून अकरा टक्क्यांवर आला होता. पण धाडकन नाही. एकसष्ट, चाळीस, पंचवीस, अकरा. आणि तेवढ्याच मिनिटांत दुसरं कुठलंसं काम फुगत गेलं होतं. लावून झालेल्या नावांचा आकडा मात्र रखडत का होईना, वाढत होता.

तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"साहेब, तो अंगचोर नाही. अंग चोरून बसलाय."

"म्हणजे काय?"

"बाकावर पाचवा माणूस आला की आपण बसतो ना, तसा. गर्दी हटली की पसरेल पाय. पण आपण त्याला जागा बांधून दिली, तर तो पाचवा उभाच राहील."

"आणि नाही पसरले पाय, तर?"

"तर उद्यापासून मी येत नाही."

साहेब धपकन खुर्चीत बसले. अकरा. अकरा. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. अकरा. तीनला दहा कमी असताना आकडा हलला. चौदा. तीस. अठ्ठावन्न! सॉर्ट असा उधळला की ऑपरेटर खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेऊन आली.

चारला आठ मिनिटं असताना यादी तयार झाली. साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

तेवढ्यात तळमजल्यावरून फोन आला. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या खोलीतून.

"अहो, दोनच्या सुमाराला सहलीची बस उलटली. एकदम तीनशे फोन! पण संगणकावर आमचं काम एकदाही अडलं नाही. सगळी पोरं वेळेत दवाखान्यात पोचली, सगळी ठीक आहेत. तुम्ही वरून काही केलंत का?"

साहेबांनी ऑपरेटरकडे पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "निकाल जरा सरकून बसला होता."