चार बोटं दुमड

मंगरूळपीरचे सैफुद्दीन टेलर रिझर्व्ह बँकेची बातमी कधी चुकवत नाहीत. बातमी बरी असली, तर लेकरांच्या फ्रॉकची खालची दुमड ते दोन बोटं ठेवतात. महागाईचा धोका सांगितला, तर चार. पुढच्या साली नवं कापड घेणं जमलं नाही, तर दुमड उसवायची, की तोच फ्रॉक पोरीला पुन्हा पुरतो.

आज रेडिओनं सांगितलं, व्याजदर तूर्त आहे तोच. पण तेल महागलंय, रुपया घसरलाय, पुढचं वर्ष जड जाऊ शकतं.

पोरीच्या फ्रॉकचं कापड घेऊन आलेल्या नीलिमानंही ते ऐकलं.

"चाचा, यंदा चार बोटं ठेवजा."

सैफुद्दीनचाचांनी कापड मोजलं. "दोनच निघतीन, बेटी. कापड कमी हाय."

"मंग दोनच ठेवा. पुढचं पुढं पाहू."

फ्रॉक घरी नेल्यावर नीलिमानं दुमड उलटून पाहिली. चांगली चार बोटं होती. दोन बोटं तिच्याच कापडाची, आणि त्याला आतून जोडलेली दोन बोटं कोऱ्या हिरव्या कापडाची, उसवल्यावर खाली किनार दिसेल अशी.

ईदच्या दिवशी चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन तिच्या दारात आले. अंगात नवा हिरवा कुर्ता होता.

"चाचा, कुर्ता आखूड काहून शिवला?"

चाचा हसले. "मी का आता वाढून राह्यलो, बेटी?"